पाण्यावर धरलेली जागा

माझ्या मालकीचं काय काय होतं असं कुणी विचारलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक स्कूटर आणि काही काळ तळ्याचा एक तुकडा, असं उत्तर मी देतो. तळ्याकाठच्या जमिनीचा नव्हे, तळ्याचाच. हिरवट, ओलं, वर पाला तरंगणारं पाणी. ऐकणारा माझ्याकडे जरा निरखून बघतो आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. त्यात माझी शोभाच होते. पण विमा कंपनीच्या कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आमच्या गावाला लागून मोठं तळं आहे. काठावर पूर्वी झुडपं होती, डास होते आणि पलीकडे जाणारी एक नाव होती. नगरपालिकेनं तिथे उद्यान करायचं ठरवलं. झुडपं तोडली, नाव बंद केली, डास तेवढे राहिले. बरेच दिवस पत्रे ठोकून आत काहीतरी चाललं होतं. पत्रे निघाले तेव्हा आत हिरवळ होती, बाकं होती, दिव्यांचे खांब होते आणि पाण्यात शिरलेला लांबलचक लाकडी धक्का होता. धक्क्याच्या कडेनं होड्या बांधायला ओळीनं कप्पे पाडले होते. याला मरीना म्हणतात, असं पाटीवर लिहिलं होतं. त्या मरीनात होडी मात्र एकही नव्हती, कारण गावात कुणाकडे होडी नव्हतीच. होती ती नाव, आणि ती मरीनाला जागा करून द्यायची म्हणून हलवली होती.

नाव बंद झाल्याचं गावात फारसं कुणाला वाटलं नाही. वाटलं ते माझ्या बायकोला. तिची थोरली बहीण, आमची अक्का, पलीकडच्या काठावर राहते. आमच्या गच्चीवरून बघितलं तर तिच्या घराचं लाल छप्पर आणि पुढ्यातलं चिंचेचं झाड स्वच्छ दिसतं. नावेनं तिकडे जायला एक डुलकी काढण्याइतका वेळ लागायचा. रस्त्यानं जायचं तर तळ्याला वळसा, दोन बस, मध्ये एका फाट्यावर ताटकळणं, आणि दुसरी बस येणं न येणं ही दुसऱ्या बसची मर्जी. अक्काचे गुडघे कामातून गेलेले, तिला बसची पायरी चढवत नाही. म्हणजे जायचं ते आम्हीच. बायको जाऊ या म्हणाली की मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. पुढचा रविवार हा फार सोयीचा वार आहे.

दोघी फोनवर बोलायच्या. पण संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला बायको गच्चीवर जायची आणि कपडे हातात घेऊन तशीच तळ्याकडे बघत उभी राहायची. मला ते दिसायचं. वाईटही वाटायचं. मात्र वाईट वाटणं निराळं आणि फाट्यावर उभं राहणं निराळं.

उद्यान उघडलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला गेलो. फाटकाशी टेबल होतं आणि टेबलाशी रांग होती. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि कशाची ते मागाहून विचारायचं, हे आमच्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे. रॉकेल, साखर, मुलांचे शाळाप्रवेश, सगळं आम्ही असंच मिळवलं. मी उभा राहिलो. माझ्या पुढे आमच्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि स्वतः सोडून बाकी सगळं जग चुकीच्या वेळेवर चाललं आहे असं त्यांचं ठाम मत आहे.

"कशाची रांग?" मी विचारलं.

"कसली का असेना. पुढे निम्मं गाव उभं आहे म्हणजे चांगलंच काहीतरी असणार. तुम्ही मात्र उशीर केलात."

टेबलापाशी पोचल्यावर कळलं की मरीनातल्या जागा वाटताहेत. टेबलामागे उद्यान अधीक्षक बसले होते. पालिकेत होड्यांचं खातं नव्हतं, म्हणून मरीना त्यांच्या गळ्यात पडली होती. त्यांचा जन्म हिरवळीवरून माणसांना हुसकावण्यात गेला होता आणि पाणी हा प्रकार त्यांना फक्त झारीतून माहीत होता.

"होडी आहे?" त्यांनी विचारलं.

मागे एवढी माणसं उभी असताना नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "घ्यायची आहे."

"सगळ्यांना घ्यायचीच आहे," ते थकलेल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातली जागा माझ्या नावावर केली.

परत येताना बायको म्हणाली, "अहो, खरंच होडी घ्यायची? म्हणजे अक्काकडे जाता येईल."

"हो, मग! त्यासाठीच तर जागा धरली," मी म्हणालो. वास्तविक मला पोहता येत नाही आणि बादलीतलं पाणी हललं तरी मी मागे सरतो. पण माणूस बोलून जातो. घरी पोचल्यावर तिनं चपला काढायच्या आधी अक्काला फोन लावला.

खरं सांगायचं तर होडी घेण्याचा माझा काडीचाही विचार नव्हता. जागा असली म्हणजे झालं, वस्तू काय केव्हाही घेता येते, असा माझा हिशेब. गाडीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांपैकी मी आहे. कुठे जायचं ते नंतर ठरवता येतं. आणि सगळं गावच माझ्यासारखं निघालं. रोज संध्याकाळी मंडळी आपापल्या रिकाम्या पाण्यासमोर धक्क्यावर पाय सोडून बसायची. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई लांब काठीनं आपल्या पाण्यावरचा पाला बाजूला सारायच्या, तो घड्याळवाल्यांच्या पाण्यात जायचा, ते तो माझ्या पाण्यात लोटायचे. यावरून एकदा चांगलीच जुंपली. दिव्याच्या खांबाची सावली माझ्या जागेवर पडते आणि त्यामुळे दुपारी ती थंड राहते, हे घड्याळवाल्यांच्या डोळ्यांत सलायचं. "कोपरा आहे तुमचा. नशीब लागतं," असं ते येता-जाता ऐकवायचे.

हे सुख चार दिवस टिकलं. मग पालिकेनं फाटकाशी सूचना लावली की ज्यांच्या जागेत महिनाअखेर होडी दिसणार नाही त्यांची जागा काढून घेण्यात येईल. गावात धावपळ उडाली. होडी हवी असं कुणालाच वाटत नव्हतं, पण जागा जाऊ द्यायची? घड्याळवाल्यांनी फोटो स्टुडिओतून ती होडी मिळवली, जिच्यात बसवून लहान मुलांचे फोटो काढतात. तिला समोरची बाजू होती, हंसाची मान होती, पण मागची बाजू नव्हती. तिथे त्यांनी फळी ठोकली आणि खाली रिकामे डबे बांधले. मुख्याध्यापिकाबाईंनी जुना न्हाणीटब आणला. कुणी पाण्याची टाकी उभी चिरली. अधीक्षकांना या वस्तूंना होडी म्हणावं का हे कळेना. त्यांनी वरिष्ठांना विचारलं. वरून उत्तर आलं की पाण्यावर राहिल्याशी कारण.

मला मात्र असला बनाव करायची सोय नव्हती, कारण बायको रोज विचारायची. शेवटी खडीवाल्याकडे मिळाली. त्याच्या खाणीत पाणी साचलं तेव्हा त्यानं ती घेतली होती आणि खाण बुजल्यावर तिच्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. होडी खरी होती. दोन वल्ही होती. बुडाला एक फट होती, पण "पाणी थोडंच येतं, आणि येतं तसं काढता येतं," असं खडीवाला म्हणाला. या वाक्याला मी त्या वेळी द्यायला हवं होतं तेवढं महत्त्व दिलं नाही.

हातगाडीवरून होडी आमच्या इमारतीत आली. नोंदणी झाल्याशिवाय ती पाण्यात सोडायची नव्हती, म्हणून जिन्याखाली ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी लगेच खाली आले. त्यांनी होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"दुचाकीला एक नियम, चारचाकीला एक नियम," ते म्हणाले. "याला चाकं किती?"

"एकही नाही."

"मग हे वाहन नव्हे. अडगळ. अडगळ जिन्याखाली ठेवता येत नाही."

ज्या वस्तूसाठी मी पाण्यावर जागा धरून बसलो होतो तिला जमिनीवर जागा नव्हती. होडी वर न्यायची म्हणून चौघांनी उचलली, ती पहिल्या वळणावर आडवी अडकली आणि दोन दिवस तशीच राहिली. सगळी इमारत तिच्याखालून वाकून जात होती आणि जाताना मला सल्ला देत होती. कुणी म्हणे टोक कापा, कुणी म्हणे कठडा कापा. घड्याळवाले म्हणाले, "डावीकडून घ्यायला हवी होती. वेळ गेली आता."

नोंदणीचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. पालिकेच्या वाहन विभागानं सांगितलं, चाक नाही, आमच्याकडे नाही. मालमत्ता विभागानं सांगितलं, हलते ना? मग आमच्याकडे नाही. पाणीपुरवठ्यानं मला दारातूनच परत पाठवलं. शेवटी उद्यान अधीक्षकांनाच माझी दया आली. त्यांच्याकडे वस्तूंचे तीनच प्रकार होते: बाक, झोका आणि कुंडी.

"बाक म्हणू?" ते म्हणाले. "बसता येतं."

"म्हणा."

"पण मग ते सार्वजनिक होईल. कुणीही बसेल." त्यांनी पेन दातात धरलं. "झोका म्हटलं तर तपासणी आली. असं करू, कुंडी म्हणू. मोठी कुंडी."

अशा रीतीनं माझी होडी कुंडी झाली. मात्र बिनझाडाची कुंडी चालत नाही, तिला दंड आहे. म्हणून बायकोनं एका डब्यात सदाफुली लावली आणि तो डबा होडीच्या टोकाला बांधला. जिन्यातला कठडा कापून होडी बाहेर काढली आणि मरीनाच्या कोपऱ्यात बांधली. हिंडणाऱ्या लोकांना ती फार आवडली. त्या ओळीत जिला दोन्ही बाजू आहेत अशी ती एकटीच होती.

"आता या रविवारी जायचं ना?" बायकोनं विचारलं.

"फट बुजवायला हवी आधी. पुढच्या रविवारी."

मग वारा होता. मग कचेरीत वर्षअखेर आली. मग वल्ह्याच्या दांड्याला चीर दिसली. बायकोनं विचारणं हळूहळू कमी केलं आणि एक दिवस थांबवलंच. ती पुन्हा कपडे काढायला गच्चीवर जास्त वेळ थांबू लागली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

उद्यानाचा पहिला वाढदिवस आला. नगराध्यक्ष मरीना बघायला येणार होते. अधीक्षक आदल्या दिवशी माझ्या घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता खुर्चीत बसले.

"साहेबांना हलणारी होडी बघायची आहे," ते म्हणाले. "मी ओळ बघून आलो. हंस सोडला तर उलटा होईल. टबाला बूच नाही. हलण्यासारखी तुमची कुंडी तेवढी आहे."

"मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? सुटायचं, हात हलवायचा, परत येऊन बांधायचं. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

मी काही म्हणायच्या आत आतून बायकोचा आवाज आला, "येतो म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा तिच्या खांद्याला भलीमोठी पिशवी होती. त्यात शाल होती, गुडघ्याला लावायचं तेल होतं, दोन वर्षांचे फोटो होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त विचारलं, "अगं, पिशवी कशाला? आत्ता परत यायचं आहे."

"असू दे. घरी ठेवून काय करू?"

नगराध्यक्षांनी हिरवी झेंडी हलवली. टाळ्या झाल्या. दोर बायकोनं सोडला. मी दोन्ही हातांनी वल्हं मारलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. दर फेरीत मला एकदा नगराध्यक्ष दिसायचे आणि एकदा अक्काची चिंच. काठावर सगळं गाव जमलेलं, आणि सल्ला देण्याच्या कामी आमचं गाव कधी मागे राहिलं नाही. "वजन पुढे घ्या!" "उभे राहा!" "उभे राहू नका!" मुख्याध्यापिकाबाईंनी पाठ सरळ ठेवायला सांगितलं. घड्याळवाले ओरडले, "अहो, काट्याच्या दिशेनं फिरताय! उलटे फिरा!" मी उलटा फिरलो. तेवढ्यानं काही फरक पडला नाही.

"सरका," बायको म्हणाली. तिनं दुसरं वल्हं घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "मी 'हं' म्हटलं की मारायचं. मी म्हणायच्या आधी मारायचं नाही."

आम्हा दोघांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकाच वेळी एकच काम करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. होडी सरळ चालू लागली. नगराध्यक्षांनी हात हलवला. मीही हलवला, तेवढ्यात "हं" चुकलं आणि मला बोलणी बसली.

"बास झालं, आता वळू या," मी म्हणालो.

ती समोर बघत होती. "हं," ती म्हणाली.

"अगं, वळायचं."

"हं."

तळ्याच्या मध्यावर पोचलो तेव्हा पाणी माझ्या घोट्याला लागलं होतं. घाबरायला मला फुरसतच मिळाली नाही, कारण एका हातानं वल्हं आणि दुसऱ्या हातानं डब्यानं पाणी उपसणं चाललं होतं. सदाफुलीची मातीसकट उचलबांगडी करून तिचा डबा घेतला होता. मागे काठावरचे लोक लहान होत गेले. अधीक्षक सगळ्यांत शेवटपर्यंत हात हलवत होते, निरोपाचा की बोलावण्याचा ते कळत नव्हतं.

चिंचेखाली खुर्ची टाकून अक्का बसली होती. तिनं आम्हाला गोल फिरताना पाहिलं होतं. होडी काठाला लागली तशी ती काठी टेकत उठली. बायको गुडघाभर पाण्यातून चालत गेली. दोघींनी एकमेकींना धरलं. वाळलेले कपडे धरून गच्चीवर उभी राहणारी ती हीच, एवढं मला त्या वेळी स्पष्ट दिसलं आणि मी होडीत खाली वाकून पाणी उपसत राहिलो.

"किती वाट बघायची माणसानं?" अक्का शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही बूट घालून होडीत बसलात?"

दिवस कसा गेला कळलं नाही. मी झोपलो. दोघींच्या बोलण्याचा आवाज झोपेतही येत होता. उन्हं कलल्यावर आम्ही निघालो, तेव्हा वल्ही मारायला मला "हं"ची गरज उरली नव्हती. माझी छाती जरा पुढे आली होती हे कबूल करतो. सगळ्या गावात प्रत्यक्ष होडीनं तळं पार केलेला मी एकटा. धक्क्यावर निदान पाच-पंचवीस माणसं तरी असतील, कुणी चार शब्द बोलेल, त्यावर आपण काय बोलायचं, हे मी मनात घोळवत होतो.

माणसं होती. पण कोपऱ्यात, माझ्या जागेत, हंसाची मान होती.

"अहो, ही माझी जागा," मी पाण्यातून ओरडलो.

"होती," घड्याळवाले धक्क्यावरून म्हणाले. खांबाला त्यांनी रुमालही बांधून ठेवला होता. "तुम्ही उठलात. उठल्यावर जागा कुणाची राहते का, तुम्हीच सांगा."

जन्मभर मी स्वतः याच कायद्यानं बसलो होतो. त्यांच्या जागेत न्हाणीटब आला होता, टबाच्या जागेत चिरलेली टाकी, अशी ओळच्या ओळ एकेक घर सरकली होती. शेवटच्या, गटारालगतच्या जागेत ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब तरंगत होती. तिचा मालक कुणीतरी अनोळखी होता आणि तिथेच राखण करत बसला होता.

अधीक्षक धावत आले. "मी काय करू सांगा? जागेवरून हललेली कुंडी म्हणजे काढून टाकलेली कुंडी, असं आमच्याकडे आहे. आणि तुमच्या कुंडीत तर आता झाडही नाही."

होडीत पाणी चढत होतं. मी डबा घेऊन उपसत होतो, वर सगळं गाव बघत होतं, आणि मरीना नावाच्या त्या जागेत तळं पार करून आलेल्या एकमेव होडीला बांधायला खुंटी नव्हती. मी बायकोकडे बघितलं. ती रागावली असेल, निदान रडवेली तरी झाली असेल असं मला वाटलं होतं. ती होडीचं तोंड वळवत होती.

"कुठे?" मी विचारलं.

"चिंचेला बांधू. तिकडे कुणी जागा धरत नाही."

आम्ही परत तळं ओलांडलं, होडी चिंचेला बांधली आणि अक्काच्या घरून फाट्यावर येऊन, दुसऱ्या बसची वाट बघत, घरी पोचलो.

होडी अजून तिथेच आहे. खडीवाला म्हणाला होता तसं तिच्यात पाणी थोडंच येतं, पण आठवडाभर न काढलं तर ती बसते. अक्काला वाकवत नाही. त्यामुळे दर रविवारी आम्हाला दोन बस बदलून पाणी उपसायला जावं लागतं. मी एकदा म्हणून बघितलं की पुढच्या रविवारी गेलो तर नाही का चालणार?

"बुडेल ना होडी," बायको म्हणाली आणि तिनं पिशवीत तेलाची बाटली टाकली.